एमसीबी सारखा पडतोय? आधी घड्याळ बघा

घरातला एमसीबी, म्हणजे करंट जास्त झाला की आपोआप पडणारा खटका, पुन्हा पुन्हा पडायला लागला की लोक मला बोलावतात, आणि दारातच सांगतात, "दादा, हा पुरत नाही, याच्या जागी मोठा टाकून द्या." त्यांचा त्रास खरा असतो. मशिनमध्ये अर्धे धुतलेले कपडे, कामाच्या मध्येच बंद झालेला कॉम्प्युटर, रोज दोन-तीनदा स्टुलावर चढून खटका वर करणं, याला कुणीही वैतागेल. तरीही मोठा एमसीबी टाकायला मी तयार होत नाही. का होत नाही ते एकदा नीट सांगायचं आहे. आणि डीबीच, म्हणजे घरातला मुख्य बोर्डच, चुकीचा जोडलेला असेल तर ते कसं ओळखायचं, तेही.

एमसीबी राखण कुणाची करतो? बहुतेकांना वाटतं गीझरची, फ्रिजची, टीव्हीची. खरं तर तो राखतो भिंतीत गाडलेली वायर. वायरमधून करंट वाहिला की ती तापते, आणि करंट दुप्पट झाला तर उष्णता चौपट होते. नेहमीच्या पीव्हीसी वायरचं आवरण सतत ७० अंश सेल्सिअसपर्यंतच्या तापमानासाठी बनवलेलं असतं. त्याच्या वर ते मऊ पडतं, वर्षानुवर्षं भाजून ठिसूळ होतं आणि शेवटी तडकतं. २.५ चौरस मिलिमीटरच्या वायरवर साधारणपणे १६ किंवा २० अँपिअरचा एमसीबी घालतात. तिथे ३२ अँपिअरचा घातला तर ट्रिप होणं थांबेल, यात शंका नाही. पण ते थांबेल कारण आता एमसीबीच्या आधी वायर भाजेल, आणि ती भिंतीच्या आत असल्यामुळे वास येईपर्यंत कुणाला पत्ता लागणार नाही. पूर्वी फ्यूज उडायला लागला की त्यात जाड तार गुंडाळायचे, त्यातलाच हा प्रकार. एमसीबीचा आकडा वाढवायचाच असेल, तर त्याच्यापासून शेवटच्या पॉइंटपर्यंतची वायर आधी बदलावी लागते.

आता बोर्डासमोर उभे राहा आणि नेमकं काय पडलंय ते बघा. अरुंद खटक्यांवर बी१०, सी१६, सी२० असं काहीतरी लिहिलेलं असतं, ते एमसीबी. एखादा रुंद खटका असतो, त्याच्यावर 'टेस्ट' किंवा 'टी' असं छोटं बटण असतं आणि ३० मिलिअँपिअर असा आकडा असतो, तो आरसीसीबी. दोघांचं काम अगदी वेगळं आहे, आणि लोक बहुतेक वेळा फोनवर नुसतं "लाईट गेली, खटका पडला" एवढंच सांगतात. कुठला पडला हे कळलं तर निम्मी शोधाशोध वाचते.

आधी एमसीबीचं बघू. त्याच्या पोटात दोन यंत्रणा असतात. एक म्हणजे दोन वेगळ्या धातूंची जोडपट्टी. करंट जास्त झाला की ती तापते, हळूहळू वाकते आणि पुरेशी वाकली की खटका सोडवते. दुसरी म्हणजे तारेचं छोटं वेटोळं. करंट अचानक अनेक पटींनी वाढला की ते लोहचुंबकासारखं काम करतं आणि क्षणात खटका ओढतं. पट्टीला वेळ लागतो, वेटोळ्याला लागत नाही. म्हणून मी घरात शिरल्यावर पहिला प्रश्न विचारतो तो वेळेचा: वर केल्याबरोबर पडतो, का अर्ध्या तासाने पडतो?

अर्ध्या तासाने पडत असेल तर पट्टीने काम केलंय, म्हणजे लोड जास्त आहे किंवा कुठेतरी ताप आहे. इथे एक गोष्ट फार थोड्यांना माहीत असते. १६ अँपिअरचा एमसीबी १६.१ अँपिअरला पडत नाही. घरगुती एमसीबीचं जे आंतरराष्ट्रीय मानक आहे, आयईसी ६०८९८, त्याप्रमाणे तो आकड्याच्या १.१३ पटीला तासभर तरी पडता कामा नये, आणि १.४५ पटीला तासाच्या आत पडलाच पाहिजे. म्हणजे १६ अँपिअरच्या एमसीबीसाठी या दोन रेषा १८ आणि २३.२ अँपिअरच्या आसपास येतात. आता २३० व्होल्टच्या पुरवठ्यावर २००० वॉटचा हीटर, १८०० वॉटची पाण्याची किटली आणि १२०० वॉटची इस्त्री एकाच सर्किटवर लावा. एकूण ५००० वॉट, म्हणजे जवळजवळ २२ अँपिअर. हा आकडा बरोबर दोन रेषांच्या मध्ये बसतो. वीस मिनिटांनी पडेल, पन्नास मिनिटांनी पडेल, किंवा इस्त्री मध्ये थांबली तर पडणारही नाही. "कधी पडतो, कधी नाही, एमसीबीच खराब असणार" ही तक्रार बहुतेक वेळा इथून आलेली असते. एमसीबी धड असतो. तीन मोठी उपकरणं एका वायरवर टांगलेली असतात.

यावर नवा एमसीबी हा उपाय नाही. एका मोठ्या उपकरणाला डीबीपासून स्वतंत्र वायर आणि स्वतंत्र एमसीबी द्यायचा, हा उपाय. गीझर, एसी, कपड्यांचं मशिन, ओव्हन यांना ज्याचं त्याचं सर्किट हवं. तेवढं काम निघेपर्यंत दोन जड वस्तू एकत्र चालवायच्या नाहीत, इतकंच हातात असतं.

लोड कमी असूनही एमसीबी उशिरा पडत असेल, तर मी स्क्रूकडे बघतो. लूज कनेक्शन हा माझ्या मते घरातला सगळ्यात दुर्लक्षित धोका आहे. समजा स्क्रूखाली वायर नीट दाबली गेलेली नाही आणि त्या सांध्यात ०.१ ओहम एवढाच रोध आहे. ऐकायला काहीच नाही. पण त्यातून १५ अँपिअर वाहिले की तिथे २२ वॉटच्या वर उष्णता तयार होते. सोल्डरिंग आयर्न साधारण तेवढ्याच वॉटचं असतं, आणि ते शिसं-कथिल वितळवतं. हे आयर्न तासन् तास एमसीबीच्या पोटाशी टेकवून ठेवल्यासारखं होतं. एमसीबी कारखान्यात ३० अंश तापमानाला धरून जुळवलेला असतो, म्हणून शेजारून ताप मिळाला की तो आपल्या आकड्याच्या आधीच पडायला लागतो. अशा डीबीचं कव्हर काढलं की खूण लगेच दिसते: एकाच वायरचं टोक बोटभर लांबीपर्यंत तपकिरी झालेलं, आवरण कडक आणि चकचकीत, स्क्रूचं डोकं निळसर. कधी घाईत वायर सोलताना आवरणच स्क्रूखाली दाबलेलं असतं आणि तांबं जेमतेम टेकलेलं असतं. कधी एका भोकात एक जाड आणि एक बारीक वायर कोंबलेली असते. जाडीला पकड मिळते, बारीक सैल राहते. वायर मागे कापून, स्वच्छ सोलून, नीट आवळली की महिन्यांचा त्रास दहा मिनिटांत जातो. मात्र एमसीबीचं तोंडच जळालं असेल तर तो बदलावा, तेवढ्याच आकड्याचा.

खटका वर केल्याबरोबर खाडकन पडत असेल तर वेटोळ्याने काम केलंय. सगळे प्लग काढलेले, सगळे स्विच बंद, तरीही पडतो? मग शॉर्ट वायरिंगमध्येच आहे. तो पुन्हा पुन्हा वर करून बघू नका, दर वेळी तिथे मोठा करंट उसळतो. पंप किंवा एसी सुरू होतानाच पडत असेल, तर गोष्ट वेगळी. मोटार चालू होताना काही क्षण आपल्या नेहमीच्या करंटच्या कित्येक पट करंट ओढते. बी प्रकारचा एमसीबी आकड्याच्या ३ ते ५ पटीला लगेच पडतो, सी प्रकारचा ५ ते १० पटीला, डी प्रकारचा १० ते २० पटीला. मोटारीच्या सर्किटवर बी बसवलेला असेल तर तेवढ्याच अँपिअरचा सी बसवणं योग्य असतं. पण त्याआधी वायरमनने अर्थ लूपचा रोध मोजला पाहिजे. फेज, म्हणजे करंट आणणारी वायर, अर्थिंगला टेकली तर तो सी पाडण्याइतका करंट वाहील का, हे त्यावरून ठरतं.

आता आरसीसीबी. हा वायर तापते का याकडे बघतच नाही. फेजमधून जेवढा करंट गेला तेवढाच न्यूट्रलमधून परत आला का, एवढंच तो सतत पडताळत असतो. फरक पडला म्हणजे करंट दुसऱ्या कुठल्यातरी वाटेने जमिनीत जातोय. ती वाट गीझरची पत्र्याची टाकी असू शकते, किंवा माणसाचं अंग. ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी १५ ते ३० मिलिअँपिअरच्या फरकाला पडू शकतो आणि ३० ला ३०० मिलिसेकंदांच्या आत पडलाच पाहिजे. हे आकडे उगाच ठरलेले नाहीत. कॅलिफोर्निया विद्यापीठातले चार्ल्स डॅल्झिल यांनी माणसांवर प्रयोग करून मोजलं होतं, की करंट लागल्यावर पकडलेली तार स्वतःहून सोडता येण्याची मर्यादा पुरुषांमध्ये सरासरी १६ मिलिअँपिअर आणि स्त्रियांमध्ये १०.५ मिलिअँपिअर येते. त्याच्या पुढे हाताचे स्नायू आखडतात आणि मूठ उघडत नाही. म्हणून ३० चा सारखा पडतो म्हणून १०० किंवा ३०० चा बसवणं, किंवा आरसीसीबीला वळसा घालून सरळ वायर टाकणं, हे मोठ्या एमसीबीपेक्षाही वाईट. ३०० चे आरसीसीबी आगीपासून बचावासाठी असतात. माणसाला वाचवण्याइतके ते संवेदनशील नाहीत.

आरसीसीबी मात्र चुकीच्या जोडणीमुळे फार पडतात, आणि घरचे लोक उपकरणांवर संशय घेत बसतात. माझ्या स्वतःच्या घरी हेच झालं. जुना फ्यूज बॉक्स काढून नवा डीबी बसवला होता, वरच्या मजल्याला एक आरसीसीबी, खालच्या मजल्याला एक. दिवसा सगळं छान. रात्री जिन्यातला दिवा लावला की दोन्ही मजले अंधारात. दिवा बदलला, होल्डर बदलला, काही उपयोग नाही. शेवटी जिन्याच्या वरचा स्विच उघडला. दिव्याला फेज खालच्या मजल्यावरून आली होती आणि न्यूट्रल जवळ पडतो म्हणून वरच्या मजल्याचा घेतला होता. वीस वर्षं जुन्या फ्यूजवर ते चाललं, कारण फ्यूजला त्यातलं काही कळत नाही. पण खालच्या आरसीसीबीला दिसत होतं की करंट गेला आणि परतच आला नाही, आणि वरच्याला दिसत होतं की न गेलेला करंट परत येतोय. दोघंही आपापल्या जागी बरोबर होते. ९ वॉटचा एलईडी दिवासुद्धा ४० मिलिअँपिअरच्या आसपास करंट घेतो, म्हणजे तेवढा एकच दिवा पुरेसा. एक मीटर वायर ओढून न्यूट्रल खालच्या सर्किटचा दिला आणि विषय संपला. जिन्याचे, पॅसेजचे, दोन ठिकाणांहून चालू-बंद होणारे दिवे असतील आणि डीबी नवा बसवल्यापासून त्रास सुरू झाला असेल, तर आधी हेच तपासायला सांगा. हा उसना न्यूट्रल धोकादायकही आहे: एका सर्किटचा एमसीबी बंद करून काम करणाऱ्याच्या हातातला न्यूट्रल दुसऱ्या सर्किटमुळे जिवंत असू शकतो.

दुसरा चकवा न्यूट्रल आणि अर्थिंग एकमेकांना टेकण्याचा. फ्रेम टांगायला भिंतीत खिळा ठोकला आणि तो नेमका पाइपात घुसून न्यूट्रल आणि अर्थ या दोन वायरींना एकत्र शिवला. दोन्हींमध्ये व्होल्टेज जवळजवळ शून्य, त्यामुळे ठिणगी नाही, शॉक नाही, एमसीबीही पडत नाही. पण घरात दुसरीकडे गीझर लागला की न्यूट्रलवर थोडंसं व्होल्टेज चढतं आणि परतीचा थोडा करंट त्या खिळ्यावरून अर्थिंगमध्ये निसटतो. आरसीसीबी पडतो. सगळे म्हणतात गीझर खराब. नवा गीझर येतो, तोही पाडतो! यातली मेख अशी, की खिळ्याच्या सर्किटचा एमसीबी खाली केला तरी आरसीसीबी पडतच राहतो, कारण साधा एकपदरी एमसीबी फक्त फेज तोडतो, न्यूट्रल जोडलेलाच राहतो. अशा वेळी डीबीतल्या न्यूट्रलच्या पट्टीवरून एकेक वायर सोडवून मेगरने, म्हणजे वायरच्या आवरणाचा रोध मोजणाऱ्या मीटरने, तपासणं हाच मार्ग आहे.

तिसरं कारण म्हणजे थेंबे थेंबे साचलेला लीकेज. कॉम्प्युटर, टीव्ही, मशिन, चार्जर यांच्या आत विजेतला गोंगाट गाळणारे कपॅसिटर असतात आणि ते काहीही बिघाड नसताना थोडासा करंट अर्थिंगमध्ये सोडतात. एकेकट्याचा मिलिअँपिअरच्या आसपास. पण घरातली सगळी उपकरणं एकाच आरसीसीबीवर असतील तर बेरीज दहा-बारावर जाते. मग हीटरच्या जुन्या कॉइलने आणखी पाच सोडले की तो पडला. कॉइलच्या आत मॅग्नेशियम ऑक्साइडची भुकटी असते, ती हवेतली ओल शोषते, म्हणून बरेच महिने बंद असलेला हीटर पहिल्या दिवशी हटकून पाडतो. नेहमीचा लीकेज आरसीसीबीच्या आकड्याच्या तीस टक्क्यांत, म्हणजे ३० वर ९ मिलिअँपिअरच्या आत असावा, असा हिशेब वायरिंग करताना धरतात. लीकेज मोजणारा क्लॅम्प मीटर फेज आणि न्यूट्रल दोन्हींभोवती एकत्र लावला की हा आकडा लगेच कळतो.

यावरून बोर्ड कसा भरलेला असावा हे आपोआप निघतं. सगळ्या घराला मिळून एकच आरसीसीबी ही सगळ्यात जास्त दिसणारी चूक: एका बाथरूममधल्या ओलीमुळे फ्रिजपासून दिव्यांपर्यंत सगळं बंद. निदान दोन-तीन गट करावेत, आणि शक्य असेल तर प्रत्येक सर्किटला आरसीबीओ बसवावा. त्यात एमसीबी आणि आरसीसीबी दोन्ही एका डबीत असतात, त्यामुळे दोष ज्याचा तोच पडतो. गट केले की न्यूट्रलच्या पट्ट्याही वेगळ्या कराव्या लागतात. फेज वाटून घेतल्या आणि न्यूट्रल सगळे एका पट्टीवर ठेवले, असे डीबी मी कितीतरी उघडलेत, ते पहिल्या दिवसापासून पडतात. आणखी एक बघून घ्या: आरसीसीबीला ओव्हरलोड कळत नाही. मागे ६३ अँपिअरचा मेन आणि पुढे २५ अँपिअरचा आरसीसीबी असेल, तर तो न पडता वितळेल.

स्वतः काय करता येईल? खटके वर-खाली करणं, प्लग काढणं आणि टेस्ट बटण दाबणं, एवढंच. कव्हर उघडू नका. मेन बंद केला तरी बाहेरून येणाऱ्या वायरचे स्क्रू जिवंतच असतात. आरसीसीबी पडत असेल तर सगळे एमसीबी खाली करा, सगळे प्लग काढा, नुसता बंद केलेला स्विच पुरत नाही. आरसीसीबी वर करा. राहिला तर एकेक एमसीबी वर करत जा, मग एकेक प्लग लावत जा. ज्याला पडेल त्याच्यावर संशय, पण खिळ्याची गोष्ट विसरू नका, आणि तोच प्लग दुसऱ्या सर्किटवर लावून खात्री करा. सगळं खाली असतानाही आरसीसीबी राहत नसेल तर थांबा. पडलेला खटका काही वेळा मध्येच अडकतो, तो आधी पूर्ण खाली दाबून मगच वर करावा लागतो. जळका वास, चरचर आवाज किंवा हाताला गरम लागणारं कव्हर असेल तर एकदाही वर करू नका. टेस्ट बटण दाबल्यावर आरसीसीबी पडला नाही, तर तो त्याच दिवशी बदलून घ्या. पडला, तर तो स्वतः ठीक आहे एवढंच कळतं. अर्थिंग ठीक आहे का हे त्यातून कळत नाही, ते वेगळं मोजावं लागतं.

डीबीच्या दाराला आतून एक कागद चिकटवा. खटका पडला की तारीख, वेळ, कुठला पडला, त्या वेळी काय काय चालू होतं, पाऊस होता का, सुरू केल्यावर किती मिनिटांनी पडला, एवढं त्यावर लिहा. चार-पाच नोंदी झाल्या की वायरमनला बोलवा आणि कागद दाखवा. कागद न बघताच "मोठा टाकतो" म्हणणाऱ्याला काम देऊ नका. काम झाल्यावर त्याच्याकडून प्रत्येक सर्किटची मेगरची रीडिंग त्याच कागदावर लिहून घ्या. ५०० व्होल्टला १ मेगाओहमच्या खाली काही येत असेल तर ते सर्किट अजून दुरुस्त झालेलं नाही.